कथलाची कांडी

त्याची-माझी पहिली भेट भांडणातच झाली. भांडली माझी माय. मी तिच्या मागे उभी राहून पदरात हसू दाबत होते.

पंचेचाळीस सालचा चैत्र होता. लढाई कुठं तरी दूर चालली होती, पण तिची झळ आमच्या रिठदच्या चुलीपर्यंत आली होती. रॉकेल मिळेना, साखर मिळेना… आणि कल्हई तर दोन-तीन वर्षांपासून दिसेनाशीच झाली होती. कल्हईला लागणारं कथील ज्या मुलखातून यायचं तो मुलूखच जपानने घेतला, असं लोक सांगत. त्यातच माझी थोरली बहीण प्रयाग हिचं लग्न वैशाखात ठरलेलं. वऱ्हाड भर उन्हात येणार, आल्या आल्या त्यांना कैरीचं पन्हं द्यायचं. आणि घरातल्या तांब्याच्या दोन हंड्यांची, तीन पातेल्यांची आतली कल्हई पार उडालेली. उघड्या तांब्यात आंबट घातलं की कळकतं, पिणाऱ्याला ओकाऱ्या होतात, हे आमच्याकडे परकरी पोरीलाही ठाऊक. म्हणून माय भांडी गाडीत घालून, मला सोबत घेऊन रिसोडच्या बाजाराला आली होती.

कल्हईवाल्या म्हाताऱ्याचं दुकान बंद होतं. पण समोरच्या कडुलिंबाखाली एक नवाच माणूस भाता मांडून बसला होता. अंगात लष्करी खाकी सदरा, बाह्या दुमडलेल्या. वय असेल तेवीस-चोवीस. आणि एक भुवई अर्धी जळालेली — त्यामुळे तो गप्प बसला असला तरी काही तरी विचारतोय असंच वाटायचं.

"कथील नाही, मावशी," भांडी गाडीतून उतरायच्या आतच तो म्हणाला.

"मंग भाता कायले मांडला?" मायने विचारलं.

"डाख लावतो. फुटके डबे सांधतो. रॉकेलच्या चिमण्या करतो."

मायची नजर फार तेज. त्याच्या तरटाखालून एक पांढरी कांडी डोकावत होती, बोटभर जाड. "अन् हे काय हाय? काकडी हाय काय?"

त्यानं कांडी आत सरकवली. "ते इकायचं नाही."

मग जे काही झालं ते सगळ्या बाजारानं ऐकलं. त्याच्याजवळ तेवढं एकच चोख कथील होतं. छावणीतून सुटताना मिळालेल्या पगारातून घेतलेलं. पुढंमागं स्वतःचं दुकान टाकायचं म्हणून जपून ठेवलेलं. माय म्हणाली, दुकान टाकशील तेव्हा टाक, माझ्या घरी लग्न आहे. तो नुसता मान हलवत राहिला. शेवटी माय फणफणत हळद-कुंकवाच्या दुकानाकडे गेली आणि मला भांड्यांजवळ बसवून गेली.

मी बसले. कडुलिंबाचा मोहोर टपटप अंगावर पडत होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता… म्हणजे, मी पाहिलं की पाहत नव्हता.

त्याच्या चिमण्यांच्या रांगेत एक वेगळाच डबा होता. पेल्याएवढा, हिरवट रंगाचा, खालीवर सारखाच बंद, माथ्यावर फक्त दोन तिकोनी भोकं.

"हे काय हाय?" मी विचारलंच.

"सोजिरांचा डबा. आसामच्या अंगाले छावणीत होतो मी. अमेरिकेचे सोजीर तठी असे ढिगानं फेकत."

"काय राह्यते याच्यात?"

"कडू पानी. फेस येते त्याले."

"कडू? अन् ते समुद्रापल्याडून आणतेत?"

"आणतेत ना. वरून खुशीनं पेतेत."

मला हसू आवरेना. तोही हसला, आणि मग डबा माझ्या हातात देऊन, एखाद्या लहान वासराबद्दल बोलावं तसा त्या डब्याबद्दल बोलू लागला. आत लोखंडाचाच पत्रा, पण कागदासारखा पातळ. नुसतं लोखंड महिन्यात गंजलं असतं, म्हणून दोन्ही अंगांनी कथलाचा हात. आणि त्याच्याही आत मेणासारखं एक अस्तर, म्हणजे पिणाऱ्याच्या जिभेला धातूची चव लागू नये.

"कडू पान्यासाठी एवढी खटपट?"

"कडू असो का गोड," तो म्हणाला, "पेणाऱ्याले जपा लागते."

हे तो गमतीनं म्हणाला नाही. मी डबा खाली ठेवला.

"जर्मनचे काहून नाही करत?" ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मनच म्हणत. मला काही तरी बोलायचं होतं, एवढंच.

"जर्मन समदं इमानात गेलं. आता इमानं त्याचीच बनतेत."

"म्हणजे आमचे गंज-पातेले आभायात उडून राह्यले?"

"हाव. वर पाह्यत जाय कधी कधी. तुह्यावालाच असंन एखादा."

मी खरंच वर पाहिलं. खाली पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता — ती अर्धी भुवई वर करून.

मग त्यानं तरटाखालची कांडी काढली. "कान इकडं कर."

"कायले?"

"कर तर…"

मी किंचित वाकले. त्यानं ती कांडी दोन्ही हातांनी माझ्या कानाशी हळूच वाकवली आणि आतून आवाज आला. किर्रर्र… कोवळा बोरू मोडावा तसा. मी दचकून मागं झाले.

"चोख कथील असं बोलते," तो म्हणाला. मग दुसरी, मळकट कांडी काढून वाकवली. ती मुकाट वाकली. "हे मुकं. अर्ध्याच्या वर शिसं हाय याच्यात. डबे सांधाले चालते, बाहेरून. पन भांड्याच्या आतून लावलं का जहर."

"अन् भांड्याले लावल्यावर कसं वळखाचं?"

"पांढरं फडकं घे. घास. काळं उतरलं का समज, शिसं."

माय परत आली तेव्हा मी तीन हात लांब बसले होते आणि भांडी मोजत होते. पाचच होती. मी ती दोनदा मोजली.

त्यानंतर मला बाजाराची फारच हौस आली. कधी मीठ संपायचं, कधी दोरा. दर बाजारी त्या कडुलिंबाखालून जाताना माझ्या चपलेचा अंगठा तुटायचा, नाही तर पायात काटा रुतायचा. त्याचं नाव इंद्रभान, हे मला दुसऱ्या बाजारी कळलं; माझं रंगू, हे त्याला. तिसऱ्या बाजारी त्यानं मला दोन वाट्या दाखवल्या, एक पितळेची, एक काशाची.

"दोन्हीत तांबंच हाय. जस्त मिळवलं का पितळ. कथील मिळवलं का कासं." त्यानं काशाच्या वाटीवर नख मारलं. ठण्ण… आवाज कितीतरी वेळ रेंगाळला. "तांबं एकटं नरम. कथील एकटं त्याच्याहून नरम. दोघं एकत्र आले का पाह्य कसं वाजते."

"हे तुमी समद्या गिऱ्हाइकाईले सांगता काय?"

"गिऱ्हाईक काही घेते तरी," तो म्हणाला. "तू तर नुसतीच येतं…"

मी जी निघाले ती मागं वळून पाहिलंच नाही. पण मला माहीत होतं, तो बघतोय.

लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि आमच्या गावात एक फिरता कल्हईवाला आला. माझे बाबा — दौलतराव — त्यांना दारात आलेली सोय नाकारणं जमायचं नाही. पाचही भांडी त्यांनी त्याच्याकडून करून घेतली. तासाभरात आतून लख्ख! सगळी आळी पाहून गेली. मायसुद्धा खूश झाली. कल्हईवाला पुढच्या गावाला निघून गेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी कैऱ्या उकडायला घेतल्या. मांडवात बाबा, काका, गावातली चार वडीलधारी माणसं बसलेली. मी हंडा पुसायला घेतला. हातात नव्या धोतराचा फाडलेला तुकडा होता, पांढराशुभ्र. मनात काही नव्हतं… की होतं? मी जोर देऊन घासलं. फडक्यावर काळा पट्टा उमटला. दुसऱ्या हंड्यात घासलं. तोच पट्टा. पातेल्यांत, तोच.

मांडवात जाऊन मी सगळ्यांसमोर फडकं धरलं. "बाबा, याच्यात पन्हं नका करू. कल्हई खोटी हाय. शिसं हाय."

बाबांचा चेहरा लाल झाला. "तुले कोनं सांगतलं?"

"रिसोडच्या… कल्हईवाल्यानं."

"ज्यानं आपलं काम केलं नाही त्यानं? त्याले दुसऱ्याचं काम खोटंच दिसंन!" आणि मग काकांकडे पाहून म्हणाले, "मानसाईत बोलाची सवय कोनं लावली हिले?"

कोणी हसलं. माझे डोळे भरून आले, पण मी तिथून हलले नाही. तेवढ्यात माय आतून आली. तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं, कोरी बाजू वर केली, हंड्यात हात घालून स्वतः घासली आणि बाहेर येऊन ते बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"माह्या पोरीच्या लग्नात आलेला मानूस हे पेणार नाही," माय म्हणाली. "लखमाले गाडी जुपाले सांगा."

लखमा आमचा सालदार गडी. दुपार कलता कलता त्याची गाडी परत आली. मागं भाता, कोळशाचं पोतं, आणि खाकी सदरा. इंद्रभाननं फडकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कुंपणाच्या कडेला खड्डा खणून त्यानं भाता मांडला.

"वढाले कोनी तरी पाह्यजे," तो म्हणाला. मांडवात प्रत्येक हाताला काम होतं. मायने माझ्याकडे बघून मान डोलावली.

मी भाता ओढला, दिवस मावळेपर्यंत. आधी त्यानं ती खोटी कल्हई तापवून पुसून काढली, वाळू-चिंचेनं भांडं लाल होईपर्यंत घासलं. मग निखाऱ्यावर धरून नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर भपकन उठला, मला ठसका लागला, आणि धूर विरला तेव्हा त्याचा चेहरा अगदी समोर, घामानं चमकणारा. कांडी एकदा टेकवली की कापसाच्या बोळ्यानं ती चांदी सरसर सगळीकडे पसरायची.

"हळू वढ," तो म्हणायचा.

"हळूच वढून राह्यली."

"मंग निखारे एवढे काहून फुलले?"

"मले काय माहीत…"

कांडी दर भांड्यागणिक लहान होत गेली. शेवटच्या पातेल्याला ती त्याला बोटांच्या चिमटीत धरवेना, आणि मग संपली. मी त्या रिकाम्या बोटांकडे पाहत राहिले.

"तुमचं दुकान…" मी म्हणाले.

"इथं बसलो तेच दुकान," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी पन्ह्याचा पहिला पेला बाबांनी स्वतः घेतला. वऱ्हाडानं दोन्ही हंडे रिकामे केले. बाबांनी इंद्रभानला थांबवून घेतलं होतं. पंगत उठल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "कोनाचा गा तू?"

"धनजच्या जगदेवरावाचा. धाकटा."

बाबा चमकले. कारंजाकडच्या त्या घराचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. आमच्यातलंच, चांगल्या शेता-वावराचं घर. "मंग हे काम काहून करतं? वावर पुरत नाही काय?"

"पुरते," तो म्हणाला. "पन मले हे आवडते."

बाबांना हे उत्तर समजलं नाही. एखाद्यानं बैल सोडून बकरी नांगराला जुंपावी तसं ते त्याच्याकडे बघत राहिले.

प्रयाग सासरी गेली आणि आठच दिवसांत तिच्या सासरकडूनच माझ्यासाठी स्थळ आलं. विहिरीचं वावर, दोन बैलजोड्या, एकुलता एक. बाबा खूश. मायने मला चुलीपाशी सांगितलं आणि भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहत राहिली. मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

बाजाराच्या दिवशी मात्र मी सरळ कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. काट्याचं निमित्त नाही, चपलेचं नाही. सांगून टाकलं.

इंद्रभाननं हातातली चिमणी खाली ठेवली. मग म्हणाला, "भात्याले गिऱ्हाईक पाह्यतो. धनजले जातो. वावर करतो. मंग तुह्या बाबापुढं उभा राह्यतो… तवा नाही म्हननार नाहीत ते."

मला हायसं वाटायला हवं होतं. मला आला राग!

"अन् मले इचारलं काय?"

"तुह्यासाठीच तर…"

"माह्यासाठी? मी काय वावर पाह्याले येत होती इथं? मीठ काय रिठदले भेटत नाही?" मी एक पाऊल पुढं आले. "दोन महिने मी या… या भात्यापाशी बसलेल्या मानसाले पाहून राह्यली. तो उठून गेला तर मी कोनाले…"

वाक्य पुरं झालं नाही. आजूबाजूला बाजार चालू होता, कोणी तरी कांद्यांचा भाव ओरडत होतं.

तो उठून उभा राहिला होता. "रंगू," तो म्हणाला. नुसतं तेवढंच. पण ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात माझं नाव आजवर कोणी घेतलं नव्हतं.

"भाता इकू नका," मी म्हणाले आणि पळाले.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. माय रागावली नाही. "मले का दिसत नव्हतं?" एवढंच म्हणाली. पण बाबांना सांगायचं धाडस तिलाही होईना. स्थळाच्या लोकांना बाबा होकार कळवणार होते, आणि मी रोज उठून आज कळवतात की उद्या, याच धास्तीत होते.

आणि मग एक दिवस लखमानं बातमी आणली. पलीकडच्या एका गावी लग्नात पन्हं पिऊन निम्मं वऱ्हाड आजारी पडलं. लोक मांडवातच ओकले, एक म्हातारी चार दिवस अंथरुणातून उठली नाही. भांड्यांची कल्हई तिथंही त्याच फिरत्या माणसानं केली होती. पहिल्याच उकळीला सुटली आणि तांबं उघडं पडलं.

बाबा ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते ओसरीवर तसेच बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. त्या दिवशी मायने त्यांना माझं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच रिसोडला गेले. तिथं काय झालं ते मला पुढं इंद्रभाननं सांगितलं. बाबा त्याच्या समोर तरटावर येऊन बसले आणि दुपारपर्यंत नुसतं त्याचं काम पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "तुह्या बापाले लाज वाटते काय, या कामाची?"

"वाटते," इंद्रभान म्हणाला.

"मले बी वाटली असती." बाबा म्हणाले, "माही पोरगी मानसाईत बोलली, तवा बी मले लाजच वाटली. ते बोलली नसती तर माह्या दारात मानसं पडली असती." मग ते उठले, धोतर झटकलं. "बापाले पत्र टाक. म्हन, रिठदचे दौलतराव येऊन राह्यले."

धनजच्या लोकांचं मन वळायला महिना लागला. पण आषाढ लागायच्या आधी ते मला पाहायला आले. जगदेवराव, दोन काका, आणि त्यांच्या मागं मान खाली घालून इंद्रभान. खाकी सदऱ्याऐवजी पांढरी बंडी. मला ओळखू येईना… भुवई मात्र तीच.

मी पाटावर बसले. नाव विचारलं, स्वयंपाक विचारला, चालून दाखवायला सांगितलं. मग त्याचे काका हसत म्हणाले, "नवरदेवाले काही इचाराचं हाय काय?"

सगळ्यांना वाटलं, तो लाजेल. पण त्यानं मान वर केली.

"धनजच्या वाड्यावर राहाले भेटनार नाही," तो म्हणाला. "रिसोडले राहा लागंन. एकच खोली हाय. तुमाले चालंन काय?"

तुमाले! इतक्या दिवसांत तो मला पहिल्यांदाच तुमी म्हणाला होता. मला हसू फुटणार होतं. मी ओठ दाबून धरले.

"खिडकी हाय काय?" मी विचारलं.

बाबांनी डोळे वटारले. जगदेवराव माझ्याकडे पाहतच राहिले.

"नाही," इंद्रभान म्हणाला.

"मंग पाडा एक."

"पाडतो," तो म्हणाला. आणि सगळ्यांत आधी कोण हसलं असेल, तर जगदेवराव.

लग्न होऊन मी रिसोडला आले तेव्हा पावसाची झड लागून राहिली होती. खोली लहान होती. शेणानं सारवलेली, कोपऱ्यात नवी चूल. पण मी आधी भिंतीकडे पाहिलं. खिडकी होती. फक्त फारच खाली, माझ्या कमरेच्याही खाली.

"हे काय केलं?" मी म्हणाले. "एवढ्या खाली कोन खिडकी पाडते?"

तो दारात उभा होता, ओल्या डोक्यानं. "बस," तो म्हणाला.

"कोठी?"

"चुलीपाशी. बसून पाह्य."

मी चुलीपाशी बसले. खिडकी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली. बाहेर ओला रस्ता, रस्त्याच्या पलीकडं कडुलिंब, आणि त्याच्याखाली त्यानं बांधलेलं नवं छप्पर, जिथं तो उद्यापासून बसणार होता. त्याची बैठक त्यानं या बाजूला तोंड करून मांडली होती.

तो पावसातून धावत रस्ता ओलांडून गेला, छपराखाली आपल्या जागेवर बसला, आणि तिथून माझ्याकडे पाहून त्यानं ओरडून विचारलं, "दिसून राह्यलो काय?"

"हाव," मी म्हणाले. पावसाच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसणार. पण तो उठला नाही… आणि मीही नाही.